आठ खाचांची खुर्ची

त्या आठ खुर्च्या माझ्या आजही लक्षात आहेत. गुन्हा किरकोळ होता. मात्र त्यातली चूक माझी होती, म्हणून लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कर्जत ठाण्यात फौजदार होतो. गावात फर्निचरचे एक तीन पिढ्यांचे दुकान होते. आसपासच्या गावांत लग्न ठरले की कपाट आणि पलंग तिथूनच जायचा. दुकानाचे शेठ वारले. दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीत, दुकान पुढे चालवायला कोणी नव्हते. त्यांनी दुकानातला माल आणि घरातले सामान एकदमच विक्रीला काढले.

घरच्या सामानात मुलांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेल्या आठ सागवानी खुर्च्या होत्या. बैठका वेताच्या. प्रत्येकीच्या खालच्या पट्टीवर पटाशीने मारलेल्या खाचा, एकीला एक, दुसरीला दोन, अशा आठपर्यंत. हा संच कधी फोडायचा नाही असा घरचा नियम होता. विक्रीच्या दिवशी सातच निघाल्या. आठवी दुरुस्तीसाठी गोदामात आहे, असे शेठ मुलांना सांगत आले होते. गोदाम रिकामे झाले, खुर्ची मिळाली नाही. गोदामाची किल्ली तीस वर्षे दुकानात पॉलिशचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे होती.

थोरल्या मुलाने फिर्याद दिली. माणूस सरळ होता. मिस्त्रींचे नाव घेताना त्याला जड जात होते, पण दुसरे कोणाचे नाव घ्यावे असा माणूसही त्याला दिसत नव्हता. नोकराने केलेली चोरी म्हणून मी गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी खबर आली. खालापूरला पलंग पोहोचवून आलेल्या एका टेंपोवाल्याने एसटी स्टँडवर चहा पिताना सांगितले की तसलीच खुर्ची तिथे मिस्त्रींच्या घरी आहे. खालापूर ठाण्याला कळवून मी दोन पंच घेऊन गेलो. मिस्त्री कामाला बाहेर होते. त्यांची बायको ओटीवर त्याच खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. मी येण्याचे कारण सांगितले. तिने सूप बाजूला ठेवले.

"न्यायची तर न्या," ती म्हणाली. "पण मला आदी उठवा."

शेजारच्या दोन बायकांनी तिला काखेत धरून उठवले. खुर्ची उलटी केली. खाली आठ खाचा होत्या. ‘सदर खुर्चीवर एक वृद्ध स्त्री बसलेली होती’ हे वाक्य पंचनाम्यात माझ्याच हातचे आहे.

मिस्त्री संध्याकाळी स्वतःच ठाण्यात हजर झाले. मी बसायला खुर्ची दिली. त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोटे फिरवली आणि भिंतीशी जमिनीवर बसले. गुन्हेगार नजर टाळायला खाली बसतो, असा माझा तेव्हाचा अनुभव. मी ते मनात नोंदवले.

खुर्ची शेठनी दिली, असे ते म्हणाले. कधी, कशासाठी, कोणासमोर, असे मी पुन्हा पुन्हा विचारले.

"मिस्त्री, लाख लावता लावता खुर्चीच चिकटली काय हाताला?" आमचे हवालदार म्हणाले.

मिस्त्री रागावले नाहीत. "शेठना शबूद दिलाय," ते म्हणाले. "ते असते तर त्यांना इचारून सांगितलं असतं."

एवढ्यावर दोन तास गेले. हा बचाव कोर्टात टिकणार नाही, शिक्षा झाली तर या भागात कोणी तुम्हाला घरात कामाला घेणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माझ्याआधीच कळले होते.

दुसऱ्या दिवशी संच एकच असल्याची खातरजमा करायला फिर्यादीकडच्या सात खुर्च्या मागवल्या आणि मिस्त्री आणि थोरला मुलगा यांच्यासमोर आठही ठाण्याच्या अंगणात उलट्या मांडल्या. हवालदारांच्या नजरेत एक गोष्ट आली. सात बैठकांचा वेत अजून पिवळसर होता. आठवीचा तपकिरी पडला होता. थोरला मुलगा म्हणाला, त्याच्या लग्नाआधी सगळ्या बैठका नव्याने विणून घेतल्या होत्या. लग्नाला सहा वर्षे झाली होती. विणणारा कळंबकडचा, दोन्ही डोळ्यांनी अंध.

आठवी त्यातून कशी सुटली हे विचारायला त्याला बोलावून घेतले. खुर्च्यांचा क्रम बदलला, खाचांवर कापडाच्या पट्ट्या बांधल्या आणि पंचांसमोर त्याला त्या चाचपायला सांगितले. ओळख परेड मी पुष्कळ घेतल्या होत्या, खुर्च्यांची ही पहिलीच. तो बैठकीखालच्या गाठींवरून अंगठा फिरवत गेला. रांगेतल्या पाचव्या खुर्चीशी थांबला. ती मिस्त्रींकडची होती.

"ही पण माजीच हाय. पण जुनी. लग्नाच्या टायमाला ही नव्हती."

लग्नाच्या वेळी किती विणल्या, मी विचारले.

"सात. मी शेठला बोललो, आठवी कुठं हाय? ते बोलले, मिस्त्रीच्या बायकोचं गुडगं गेलं, तिला खाली बसवत नाय. नमाजाला बसायला दिलीय. बापाचा संच मी फोडला, पोरांना बोलू नको."

"मग आम्हाला कसं सांगितलंस?" हवालदारांनी विचारले.

"तुमी काय त्यांची पोरं नाय."

थोरला मुलगा त्या खुर्चीकडे बघत उभा होता. त्याच्या लग्नातही सातच खुर्च्या होत्या, हे त्याला आता आठवले. तो मिस्त्रींसमोर जमिनीवर बसला. "काका, मला तरी सांगायचं," म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "तुलाच तर नाय सांगायचं होतं."

गैरसमजातून फिर्याद, असा तपास बंद करणारा ‘क’ समरीचा अहवाल मी कोर्टात पाठवला. मुलाने हरकत घेतली नाही. संच सातचाच विकला. पण जप्त केलेला मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. त्याला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस खुर्ची माझ्या मुद्देमाल खोलीत, चिठ्ठी बांधून पडून होती.

हुकूम आला त्या दिवशी मी ती जीपमधून स्वतः नेली. मिस्त्रींची बायको ओटीवर भाताच्या कणगीला टेकून उभी होती. शेजारणींनी तिला बसवले. तिने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

"साहेब, आता परत उठवू नका."

पुढे नोकरीत अनेक जप्त्या केल्या. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, कोणाच्या ताब्यात मिळाली, हे सगळे पंचनाम्यात असते. ती कोण वापरत होते आणि आता त्याचे कसे चालेल, हे त्यात कुठेच विचारलेले नसते. खालापूरच्या त्या घरानंतर मी ते समासात पेन्सिलीने लिहू लागलो, आणि कागदावर सही करण्याआधी तेवढे मोठ्याने वाचू लागलो.