भासऱ्यांची सीलबंद कॉफी

आमच्या घरी कुणाला मान मिळाला की शेजारच्या घरातला बल्ब पिवळा पडत असे.

हे वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं. तसं काही नाही. दोन घरं, मधली भिंत एक, मीटर एक, आणि आमच्या वांकिडी गावातली वीज तेव्हा अशी की कुणी जोरात शिंकलं तरी बल्ब दचकायचा! भिंतीच्या अलीकडे आम्ही, म्हणजे आमचे हे, दोन पोरं आणि मी. समोरच्या खोलीत किराणा दुकान. पलीकडे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको, माझी जाऊ, सुभद्राक्का. भिंतीत मधोमध एक दार होतं. त्या दारातून सकाळी विरजण यायचं, दुपारी भाजीची वाटी जायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघी जावा उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून तूर निवडायचो. निवडायचो कमी, बोलायचोच जास्त. (खडे दोन्ही घरच्या वरणात निघायचे, ते याच कारणानं.)

भासरे माझ्याशी थेट बोलत नसत. आमच्यात ती रीतच होती. भासऱ्यानं धाकट्या भावजयीचं नाव घ्यायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. पण दोन घरं एकमेकांत गुंतलेली, बोलल्याशिवाय चालेल कसं? म्हणून ते आमच्या ओसरीच्या खांबाशी बोलत.

"खांबा, चहा भेटन का रे?"

मी पदर सावरून आतून खांबालाच उत्तर द्यायची, "खांबा, पानी ठेवलं म्हना."

इतकी वर्षं त्या खांबानं आमचे निरोप पोचवले, पण एका शब्दाची चुगली केली नाही. असा माणूस शोधून सापडणार नाही!

तर अशा या सुखी घरात माझ्या धाकट्या भावानं कॉफीचं मशीन आणून ठेवलं.

प्रकाश तेव्हा दुबईत एका हॉटेलात कामाला होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोक तिकडून टेपरेकॉर्डर आणत, ब्लँकेटं आणत, अत्तर आणत. यानं ज्वारी मोजायच्या पायलीएवढं काळं मशीन आणलं. त्यासोबत एक डबा, आणि डब्यात पणतीएवढ्या चमकत्या वाट्या. प्रत्येक वाटीत कॉफी भरलेली, वर चांदीसारखं झाकण, पक्कं सीलबंद. त्या वाटीला तो कॅप्सूल म्हणायचा. वाटी आत टाकायची, दांडा खाली दाबायचा, बटण लावायचं. मशीन घुर्र करायचं, आणि बोटभर कपात काळी धार पडायची.

"इतकीशीच?" आमच्या यांनी कप उलटा करून पाहिला.

"दाजी, हे मोठ्या लोकांचं पेय असते," प्रकाश म्हणाला.

यांनी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की लिंबोळी फुटली असावी दाढेखाली. मीही घेतला. काय सांगू! जळालेल्या भाकरीचा काढा बरा. पण प्रकाशचा चेहरा एवढा फुललेला होता, की मी म्हटलं, "वा! काय वास हाय रे बाबू!"

भाऊ परत गेला आणि आम्ही नवरा-बायकोनं विचार केला. वाट्या मोजक्या, वांकिडीत मिळणाऱ्या नाहीत. तेव्हा कॉफी फक्त मानाच्या माणसाला द्यायची. घरच्याला चहा! हा नियम माझा. (तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.)

पहिला मान बँकेच्या साहेबाला. मग राजुऱ्याहून येणाऱ्या कापसाच्या शेठला. मग शाळेतल्या तेलुगू सारांना. ते "बागुंदम्मा, बागुंदी", म्हणजे छान आहे, छान आहे, म्हणत प्याले आणि कप ठेवल्यावर गुपचूप गुळाचा खडा मागितला. कुणालाच ती कॉफी आवडत नव्हती, आणि प्यायल्याशिवाय कुणीच उठत नव्हतं! आणि दरवेळी मशीननं घुर्र केलं की पलीकडे भासऱ्यांच्या माजघरातला बल्ब पिवळाधमक व्हायचा. सुभद्राक्का दारातून डोकावायची.

"कोन आलं वं शांते?"

"शेठ."

"मंग ठीक. आमचे विचारून राह्यले होते, आता कोनाले मान भेटून राह्यला म्हनून."

मी हसले. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, काही घोळ होता म्हणून भासरे स्वतः जाऊन गिरदावराला घेऊन आले. गिरदावर म्हणजे महसुलाचा साहेब, निजामाच्या वेळचं नाव आमच्याकडे अजून चालतं. दोघं एकाच बाजेवर बसले. मी ट्रे पाठवला. त्यात गिरदावरासाठी बोटभर कपात कॉफी, आणि भासऱ्यांसाठी त्यांचा नेहमीचा स्टीलचा पेला, काठोकाठ चहा, अद्रक घालून, त्यांना आवडतो तसा.

माझ्या मनात खोट नव्हती हो! पेला मोठा, चहा घट्ट, साखर जास्त. घरच्या माणसाला यापेक्षा काय द्यायचं?

भासऱ्यांनी कपाकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं. मग खांबाकडे पाहिलं.

"खांबा, आमी गिरदावर साहेबाइले धुऱ्यावून आनलं. आमाले वाटलं आमी घरचे. आज समजलं, आमी त्याइच्या मागून आलेले."

चहावर साय धरली. त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

त्या संध्याकाळी मी सुपात तूर घेऊन उंबऱ्यावर बसले, तर दार बंद! कडी पलीकडून. ओढलं तर हलेना. सुभद्राक्कानं परसातल्या भिंतीवरून सांगितलं, ती उलट्या घमेल्यावर उभी होती, "दाराले कापसाचा ढीग लावला वं त्याइनं! पार कडीपावतर आला."

आता हसू येतं. तेव्हा नाही आलं. दुसऱ्या दिवशी दही लागलं नाही, कारण विरजण पलीकडे. तूर निवडायला बसले तर एकही खडा सुटेना, बोलायला कुणी नव्हतं ना! संक्रांत तोंडावर आलेली. हळदीकुंकू आम्ही दोघी एकाच अंगणात, एकाच चटईवर करायचो. आता एका भिंतीला दोन हळदीकुंकवं होणार, आणि बाया इकडून वाण घेऊन तिकडे जाताना पदराआड हसणार. मला रडू आलं. यांना म्हटलं, "अवो, जाऊन बोला नं."

हे गेले, तसेच परत आले. "दादा म्हनते, मले काईच राग नाई."

"मंग?"

"राग नाई असं तीनदा म्हटलं त्याइनं. लय राग हाय."

शेवटी घमेल्यावरून सुभद्राक्कानं अट सांगितली. भासरे यायला तयार होते. रविवारी, दुपारी, पुढच्या दारानं, पाहुण्यासारखे. "पन त्याइचं म्हननं हाय, गिरदावराले जशी सील तोडून देल्ली, तशीच पायजे. सीलबंद. मांगची उरलेली-सुरलेली नाई."

"देतो नं माय! ताटात ठेवून देतो!" मी नाचतच डबा काढला.

डबा रिकामा.

"अवो! एक होती नं याच्यात?"

हे दुकानात वजनं पुसू लागले. (माणूस वजनं पुसायला लागला की समजावं, काहीतरी केलंय.) झालं असं, की भासऱ्यांनी रागाच्या भरात लाइनमनकडे तक्रार केली होती, आमचा बल्ब वारंवार पिवळा काऊन पडते म्हणून. लाइनमन चौकशीला आमच्याकडे आला, तेव्हा मी घरी नव्हते. यांनी त्याला गोडीत घ्यावं म्हणून शेवटच्या वाटीची कॉफी पाजली. पलीकडे बल्ब पिवळा पडला. लाइनमननं कप ठेवून पलीकडे जाऊन सांगितलं, "दोष सापडला."

आता मी काय करावं? वापरलेल्या वाट्या मी टाकल्या नव्हत्या. इतकी चमकती वस्तू टाकवते का? धुऊन कोनाड्यात मांडल्या होत्या. त्यातली एक चांगली निवडली. दुकानातली चिकोरीची कॉफी तिच्यात दाबून भरली. सीलसाठी सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणली, इस्तरी केल्यासारखी नखानं सरळ केली. चिकटवायचं कशानं? ज्वारीच्या पिठाला चिकटाई नाही, म्हणून गव्हाची घट्ट कणिक मळली आणि काठाला फिरवली. एक थर पातळ वाटला म्हणून दुसरा दिला. दुसरा दिला म्हणून वाटीच्या बुडाला पडलेलं भोकही कणकेनं बुजवलं, सील म्हणजे सील! अशी देखणी वाटी दुबईतही कुणी पाहिली नसेल.

रविवार आला. पलीकडे भासरे धुतलेलं धोतर, टोपी, उपरणं घालून बसलेले. (हे मला मागाहून सुभद्राक्कानं सांगितलं.) इकडे मी मशीनभोवती फेऱ्या घालत होते. आयत्या वेळी दांडा अडकला तर? म्हणून मनात आलं, एकदा मशीन जरा गरम करून पाहावं. वाटी आत ठेवली, दांडा दाबला. आणि गरम करताना बोट कुठं लागलं देवाला माहीत, मशीननं घुर्र सुरू केलं!

पलीकडे बल्ब पिवळा पडला.

भासरे ताडकन उठले. "सुभद्रे! माझी वाटी कोनाले पाजून राह्यली ते?" आणि कोण पाहुणा आलाय हे ऐकायला कापसाच्या ढिगावर चढून त्यांनी दाराला कान लावला.

इकडे मशीनचं घुर्र वाढत गेलं. नेहमी घुर्र थांबून धार पडायची. आज धार नाही, नुसतं घुर्र. मग शिट्टी. मग ते पायलीएवढं मशीन ओट्यावर माझ्याकडे सरकू लागलं. मी म्हटलं, "नको रे बाबू, नको!" आणि धाडकन!

दांडा वर छपराच्या कवेलूंत जाऊन अडकला. कॉफी भिंतीवर, कॅलेंडरवर, माझ्या नव्या लुगड्यावर, तोंडावर. बल्ब गेला. मी जी किंकाळी फोडली ती वेशीपर्यंत गेली असेल.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "शांते! अवं शांते!"

सुभद्राक्काचा नव्हता तो आवाज. कडी वाजली, दार आमच्या बाजूला उघडलं, आणि अख्खा कापसाचा ढीग आमच्या घरात घुसला. त्या ढिगातून टोपी गेलेले, धोतर सुटत आलेले भासरे लोळतच बाहेर पडले. मागून सुभद्राक्का. कापूस उडाला तो माझ्या अंगावर बसला. मी कॉफीनं ओलीचिंब, एक पुंजका खाली पडेना.

"मेली का वं शांते?" सुभद्राक्का ओरडली.

"नाई आक्का, जित्ती हाय!"

"मंग हे कोन हाय पांढरं?"

"मीच हाय वं!"

भासऱ्यांना तेव्हा उमगलं, की आपण भावजयीचं नाव घेतलं, तेही भिंत हलेल एवढ्या मोठ्यानं. ते लगबगीनं वळले, धोतर सावरलं आणि ओसरीतल्या खांबाकडे तोंड करून म्हणाले, "खांबा, त्याइले भाजलं-बिजलं तर नाई, विचार."

मी कापसावर पदर ओढला. "खांबा, नाई म्हना. नुसता मान गेला."

मग त्यांनी मशीनमध्ये बोट घातलं. आतून तपकिरी, टणक, गोल असं काहीतरी निघालं. वर सिगारेटची चांदी चिकटलेली.

"हे काय व्हय?"

आता लपवून काय उपयोग? मी खांबाला सगळं सांगितलं. रिकामा डबा, लाइनमन, कणिक, बुजवलेलं भोक. वर कवेलूंतल्या दांड्यातून कॉफी ठिबकत होती. मला वाटलं, आता त्या दारात विटा रचल्या जाणार.

भासऱ्यांनी चांदी सोलली. तुकडा मोडला. तोंडात टाकला. चघळत राहिले.

"रोडगा व्हय हा," ते म्हणाले. "कनकेचा गोळा. भाजला बरा. मीठ कमी हाय."

उरलेला तुकडा त्यांनी आमच्या यांच्यासमोर धरला.

"हा गिरदावराले भेटला होता का?"

"नाई," हे म्हणाले.

"शेठले?"

"नाई दादा. कोनालेच नाई."

"मंग झालं!" भासरे बाजेवर ऐसपैस बसले. या साऱ्या मुलखात मशीनमधला रोडगा खाल्लेला मी एकटाच, असा तो चेहरा होता. "खांबा, आता चहा ठेव म्हना. मोठ्या पेल्यात. अद्रक घालून."

दार त्या दिवसापासून पुन्हा कधी लागलं नाही. (तपकिरी डागांचा कापूस पाहून शेठनं विचारलं होतं, "ये कौनसी जात है?" भासरे म्हणाले, "दुबई.") संक्रांतीला एकच चटई अंथरली. आता भासरे नाहीत, सुभद्राक्काला दिसत नाही. तरी संध्याकाळी आम्ही दोघी त्याच उंबऱ्यावर तूर घेऊन बसतो. खडे अजून वरणात निघतात, आता निदान सांगायला कारण आहे. खांबही आहे. येता-जाता मी त्याला विचारते, "काय रे, काई निरोप?"

प्रकाशचा फोन मात्र सांगायचा राहिला. संक्रांत झाल्यावर समोरच्या एसटीडी बूथवर त्यानं फोन केला होता. बूथमध्ये माझ्यामागे माणसं उभी, लाइनीत खरखर.

"बाई, मशीन कसं चालून राह्यलं?"

मी काय सांगणार होते? खरखरीवर आवाज चढवून म्हटलं, "झकास रे बाबू. फक्त पुढच्या वेळेस जरा मोठं आन. एका घान्यात एकच रोडगा निघते."