आण्णांसमोरचं प्रोग्रामवाचन

नवा प्रोग्राम लिहिला की तो आधी भट्टीवरच्या महादू मिस्त्रींना मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत आण्णांचा नियम होता. आण्णा कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे एक मशीन, ते आणि मी. मिस्त्री सातवी पास. त्यांनी मान हलवली तरच प्रोग्राम चालायचा. वाचताना माझी जीभ अडखळली, की आण्णांची तांबडी पेन्सिल त्या ओळीवर टेकायची.

"हितं दम लागला न्हवं? मग हितंच घोटाळा हाय. एक मोकळी ओळ सोडा. हे गणित कशाचं, ते शेजारी लिवा की."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी नोकरी अजून कच्ची होती. वितळलेल्या लोखंडात काय किती घालायचं हे सांगणारा प्रोग्राम नीट चालला, तर मी कायम होणार होतो. प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं. नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरलेलं. सिलिकॉन, मँगनीज असली रुक्ष नावं सोडून मी सुमन, शोभा, शालन अशी नावं दिली. सुमन ही नियोजित वधू, बाकीच्या मेहुण्या. स्वतःच्या रसिकतेवर मी फारच खूश होतो. लग्नाची तीन आठवड्यांची रजा संपवून आलो, तेव्हा भट्टी तापत होती.

वाचायला उभा राहिलो. "सुमन चार किलो, शोभा अडीच किलो..."

"कुणाकुणाला घालायचं म्हंता भट्टीत?" मिस्त्रींनी विचारलं.

आण्णा हसले नाहीत. "सुमन म्हंजे काय, पावणं?"

मला आठवेना. सिलिकॉन की मँगनीज? उलटसुलट झालं, तर दिवसभराचा माल भंगारात. ठोकून द्यावं एक काहीतरी, असं अगदी तोंडाशी आलं होतं.

"आठवत नाही, आण्णा."

त्यांनी कागद बाजूला सारला. "मिस्त्री, आज तुमच्या नेहमीच्या मापानं घाला." मग माझ्याकडं वळले. "नाव असं ठिवावं, हाक मारली की त्योच उठून आला पायजे. 'सिलिकॉन किलो' लिवलं असतं तर बायको रुसली असती व्हय?"

संध्याकाळपर्यंत मी नावं बदलत बसलो. निघताना आण्णांनी मॅनेजरसाहेबांकडं जाणारा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात दोन ओळी होत्या :

'स्वतः लिहिलेले स्वतःला वाचता येत नाही. मात्र तसे तोंडावर सांगतात. कायम करावे.'