आधी दादा बोलले, मग टीव्ही

मंडळी, 'हल्ली काय पाहिलं' या धाग्यावर मी नेहमी लिहिते, हे जुन्या लोकांना माहीत आहे. कोणती सिरीज तिसऱ्या भागात झोपते, कोणत्या सिनेमाचा शेवट गुंडाळलाय... असलं काहीबाही. गेले काही महिने मी गायब होते. दोघातिघांनी विचारपूसही केली. त्याचं कारण आज लिहितेय. पोस्ट तिकडे टाकावी की इथे, भुताखेतांच्या अनुभवांच्या विभागात, हेच बरेच दिवस ठरत नव्हतं. तिकडचे लोक म्हणतील, यात सिरीजबद्दल काय आहे? इथले म्हणतील, यात भूत कुठाय? दोघांचंही बरोबर आहे.

मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, बाहेरची बाधा, उतारा यांना आमच्याकडे कधी थारा नव्हता. त्यामुळे या विभागात मी आजवर फक्त खोड्या काढायला यायचे. इथल्या बऱ्याच अनुभवांखाली माझे कुचकट प्रतिसाद सापडतील.

तर, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली अशी जीप चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस अखंड बोलणारा. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून समजावलं, "यांना बरंचसं कळतंय, पण शब्द सापडत नाहीयेत. पाठ असलेलं कधीकधी बाहेर येईल, म्हणजे आकडे, एखादं गाणं. स्वतःचं वाक्य मात्र अवघड आहे."

मी आईदादांना गोरेगावहून माझ्याकडे आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दादा दिवसभर खुर्चीत. "हं" आणि "तत् तत्" यापलीकडे काही नाही. सकाळी आई बुद्धवंदना म्हणायची तेव्हा ओठ हलायचे, पण आवाज नसायचा. चित्रांची कार्डं दाखवून मी घसा कोरडा करायचे, "दादा, हे काय? गाय. म्हणा, गा-य." ते माझ्याकडे असं बघायचे, की मीच कार्डं ठेवून द्यायचे.

मग उरला टीव्ही. मी जे बघेन ते दादा बघायचे. पोलिसांची एक सिरीज पाहिली, तपास कमी आणि स्लो मोशन जास्त. एक कौटुंबिक सिनेमा पाहिला, त्यात सगळे इतके चांगले होते की मला भीती वाटायला लागली. दादा सगळ्याला सारखंच तोंड करून बसायचे.

त्यात ती सिरीज लागली. परदेशातली, हिंदीत डब केलेली. नाव मुद्दाम देत नाही. खाऱ्या सरोवराकाठी राहणारं एक कुटुंब, बरीच वर्षं बेपत्ता असलेला थोरला मुलगा परत येतो, आणि तो खराच तो आहे का, हा सगळा प्रश्न. दर शुक्रवारी एक भाग यायचा. संथ आहे पण सुंदर आहे, एवढं तिकडे लिहिण्याइतपत मत झालेलं होतं.

रविवारची दुपार. बाहेर लख्ख ऊन. आई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पुण्याहून माझा भाऊ मिलिंद याचा फोन आलेला, तो स्पीकरवर. मी एकीकडे नवा भाग लावला. शुक्रवारी आलेला, मी न बघितलेला.

पडद्यावर म्हातारी चहा ओतत होती.

"त्या निळ्या कपात नको देऊ. त्यात मीठ हाये."

दादांचा आवाज. स्पष्ट. जड जीभ नाही, अडखळणं नाही.

मला वाटलं, मिलिंदच बोलला. मान वळवते तोवर पडद्यावर धाकटी मुलगी म्हणाली, "नीले कप में मत देना. उसमें नमक है."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. फोनमधून मिलिंद ओरडला, "कोण बोललं? वैशे, दादा बोलले का?"

मी "थांब" म्हणाले. दादांचे डोळे पडद्यावरच होते.

"घोडा इकला म्या. परवाच."

पडद्यावर मुलगा खिडकीपाशी गेला, पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "घोड़ा मैंने बेच दिया. परसों ही."

मंडळी, त्या सिरीजमध्ये तोवर घोडा नव्हताच. अंदाजाने कुणी घोडा म्हणणार नाही.

मी रिमोट उचलून भाग थांबवला. दादा थांबले. पुन्हा चालू केला, त्यांचं पुढचं वाक्य आलं आणि त्यामागून पडद्यावरचं. मग मी भाग एकदम बराच पुढे ढकलला. लग्नाचा काहीतरी प्रसंग, कोण कुठे उभं आहे हेही मला कळेना. दादा म्हणाले, "पाहुण्यायला आधी वाढा, माजं नंतर बघू." आणि डोक्याला फेटा बांधलेला कुणी तरी अनोळखी माणूस हिंदीतून तेच म्हणाला.

"बंद कर ते!" आई म्हणाली. लगेच, "न्हाई न्हाई, बंद नको करू. बोलून राहिले ते. बोलू दे."

मिलिंद फोनवर रडत होता. "दादा, मी मिलिंद. दादा, मला काय तरी बोला की." त्याला दादा काहीच बोलले नाहीत. भाग संपला, नावं वर सरकायला लागली आणि दादांचं तोंड मिटलं. मी समोर गुडघ्यावर बसले, "दादा, माझं नाव सांगा." त्यांनी प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. "तत् तत्..."

आता तुमचे प्रश्न, मला पाठ आहेत. रेकॉर्ड का नाही केलं? फोनवर मिलिंद होता, आणि खरं सांगायचं तर सुचलंच नाही. दादांनी आधी पाहिला असेल? माझ्या अकाउंटवर तो भाग न पाहिलेला दिसत होता, आणि आईला ते ॲप उघडता येत नाही. पाठ असेल? कशावरून पाठ, आणि आमच्या बोलीत? डॉक्टरांना फोन केला. ते आधी खूश झाले, "बोलले? छान!" काय बोलले ते सांगितल्यावर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला थोडी विश्रांतीची गरज आहे."

विश्रांती कुठली. तोच भाग पुन्हा लावला, काही नाही. मग मी सुटलेच. कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी टीव्ही. साउथचे डब सिनेमे, पाककृतींच्या स्पर्धा, कोर्टाच्या सिरीज, लहान लेकरांची कार्टून. किती पाहिलं आणि काय पाहिलं, विचाराल तर एकाची गोष्ट सांगता येणार नाही. मी पडदा बघतच नव्हते, दादांचे ओठ बघत होते. एकदा आईने प्लग उपटला.

"काहून तरास देतीस त्यायला? थकून राहिले ते. दिसत न्हाई का?"

"आई, बोलतील ते. बोललेत ना एकदा!"

"बोलले ते टीव्हीचं बोलले. त्याचं काय करू मी?"

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, त्या सिरीजचा शेवटचा भाग आला. मी रविवारपर्यंत हात लावला नाही. तीच दुपार, तीच जागा. मिलिंद स्पीकरवर. या वेळी दुसरा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. आई नको म्हणाली, पण बसली.

भाग सुरू झाला. दादा गप्प. अर्धा झाला, गप्प. म्हातारी मरायला टेकली, मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. बाकी सगळं जग रडलं असेल त्या सीनला, मला आठवतात फक्त दादांच्या गळ्याच्या शिरा.

आणि ते बोलले.

"तिला सांगा, म्या हितंच हाये."

मी झटकन पडद्याकडे वळले. आता मुलगा म्हणेल. नाही म्हणाला. मग धाकटी म्हणेल. नाही. म्हातारीचे डोळे मिटले, मातीचा प्रसंग झाला, सरोवरावरून पक्षी गेले... मी एकेका तोंडाकडे बघत होते, आता येईल, आता येईल. नावं सुरू झाली. ती संपेपर्यंत मी रिमोट हातात धरून उभी. ते वाक्य कुणीही म्हणालं नाही.

मागे वळले तर आई दादांच्या पायाशी बसलेली. त्यांचा उजवा, निकामी हात तिने दोन्ही हातांत धरलेला.

"ऐकलं म्या," ती त्यांना सांगत होती. "कळलं मला."

रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य आहे. मिलिंदकडेही पाठवलंय. डॉक्टरांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "हे त्यांचं स्वतःचं वाक्य आहे, सुधारणा आहे, सराव चालू ठेवा." मग आधीच्या रविवारचं काय, असं विचारलं की ते पुढच्या तपासणीची तारीख देतात.

आता दादा "पाणी" म्हणतात. "बस" म्हणतात. एकदा "वैशे" म्हणाले, निम्मंच. पूर्ण वाक्य त्यानंतर एकही नाही. आईचं म्हणणं, ते वाक्य तिच्यासाठी होतं, विषय संपला. तिला झोप लागते.

मला हे पटायला पाहिजे, पण पटत नाही. दहापैकी नऊ वाक्यं ज्या माणसाने पडद्याच्या आधी म्हटली, त्याचं दहावं तेवढं स्वतःचं? की तेही कुणाचं तरी आहे, आणि अजून आलेलं नाही? या एका प्रश्नापायी मी रोज काहीतरी नवीन लावते. परवा एका सिनेमात एक म्हातारा फोनवर म्हणाला, "उससे कहना..." आणि थांबला. मी उठून पडद्याजवळ गेले. मग तो म्हणाला, "...आते वक्त दूध ले आए."

मला हसू फुटलं. हसत हसतच दादांकडे पाहिलं.

ते टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, केव्हापासून ते माहीत नाही.