जिभेला चिकटणारा मणी

डोमा धिवर गेल्याची बातमी मला चिचगडच्या बाजारात कळली, आणि तीही अशा वेळी की मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. गोष्टीतला मासा बैलगाडीएवढा झाला होता, अजून थोडा वाढवायचा विचार होता. तेवढ्यात आमच्या गावचा एक जण गर्दीतून पुढे आला न् म्हणाला, "डोमाबुवा काल गेले, बापू." ऐकणारे हसले. त्यांना वाटलं, हेही माझ्या गोष्टीतलंच. मी मात्र मासा होता तेवढाच सोडला न् घरचा रस्ता धरला... आता पंधरवडा होत आला. आज लिहायला बसलो आहे, तेव्हा मासा पुन्हा वाढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नम्रपणा डोमाच्या अंगात नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. गळाला त्याला छत्रीच्या काडीचंच पोलाद लागे. त्यातही गोऱ्या साहेबाच्या छत्रीचं सगळ्यात चांगलं, असं त्याचं ठाम मत. साहेब दौऱ्यावर आला की त्याची छत्री वाऱ्याने मोडावी म्हणून डोमा मारुतीला नारळ बोले, आणि मारुती कबूलही होई! त्या काडीचा तुकडा निखाऱ्यावर लाल करून वाकवायचा, टोकाला उलटा काटा काढायचा. दोरी अंबाडीची, तीन पदरी, उजव्या मांडीवर वळलेली. त्या मांडीवर जन्मात केस उगवला नाही, हे मी शपथेवर सांगतो. मग हिरव्या टेंभरांच्या, म्हणजे तेंदूच्या फळांच्या, रसात बुडवून ती काळीभोर करायची, म्हणजे पाण्यात कुजत नाही.

पण खरी करामत वजनाची. बाकीचे दोरीला शिसं बांधत, डोमा मातीचे भाजलेले मणी बांधी. मातीत धानाचा कोंडा मळायचा. भट्टीत कोंडा जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळी राहते, मणी हलका होतो. कुठल्या मण्यात कोंडा किती होता, ते भाजल्यावर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डोमा मणी जिभेला लावी. चिकटून लोंबला तर हलका, सुटून पडला तर जड. एवढा खटाटोप कशाला, तर आमच्या तलावाचा तळ म्हणजे नुसतं लोणी. माझी एक म्हैस त्या गाळात शिरली होती, ती पुढच्या वर्षी रेडकासकट वर आली.

त्याची लेक बायजा हिचं लग्न ठरलं वैनगंगेकाठच्या घरात. मोठ्या पाण्यावरची माणसं, तलाववाल्यांना मोजत नसत. त्यांच्यात रीत अशी की वऱ्हाडाच्या पहिल्या पंगतीला मुलीच्या बापाने त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने धरलेला मासा वाढायचा. लग्न भर वैशाखातलं, तलाव आटलेला. बी म्हणून तरी मासा उरावा, यासाठी तलावाच्या मालकाने, मालगुजाराने, जाळ्यांना बंदी केलेली, फक्त गळाला मोकळीक. वऱ्हाड सकाळीच उतरलं, आणि डोमाचा इवाई, म्हणजे व्याही, थेट तलावाच्या पाळीवर, बांधावर आला. मी तिथेच होतो, गळाचा चारा मळत.

"काऊन गा इवाई, पोरीचे खेळाचे मनी बांधून राहिला काय?"

"पोरगीच देऊन राहिलो तुमाले, मंग मनी कायले ठेवू?" डोमा म्हणाला.

इवाई हसला, पण पुढचं बोलला ते हसण्यासारखं नव्हतं. "पाहा बापा. आज पंगतीले वांगे वाढले, तं तुमच्या बायजाले आमच्याकडं जनमभर वांगेवाली म्हनतीन." आणि आपली शिसं बांधलेली दोरी काढून तोही आमच्या शेजारी बसला.

डोमाचा चेहरा तेवढा उतरलेला मी एकदाच पाहिला. तो मणी निवडू लागला. एकेक मणी जिभेला लावी, सुटला की फेकून देई. शेवटी एक असा चिकटला, की त्याला तो ओढून काढावा लागला. तो बांधून त्याने गळ टाकला, आणि मणी गाळावर अलगद बसला, दह्यावर माशी बसावी तसा. पहिला मरळ निघाला तो माझ्या हाताएवढा... नाही, मांडीएवढा लिहितो, डोमाला आवडलं असतं. मग एकामागून एक. मासे किती निघाले ते मी दर वेळी वेगळं सांगतो, तेव्हा आकडा राहू द्या.

इवायाच्या गळाला मात्र शेवाळही लागलं नाही. ओढायला गेला तर दोरीच तुटली.

"तुमच्या तलावाले तळच नाही गा!"

"हाय ना जी. तुमचं शिसं त्याच्या खाली जाऊन बसलं."

पंगतीत इवाई वाटी पुढे करत राहिला, आणि जेवण आटोपल्यावर हळूच मणी मागू लागला. डोमा पाटावरून उठून उभा राहिला, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जावं म्हणून. "नदीत हे वाहून जातीन इवाई. नदीचे दुसरे लागतीन. ते बायजाले मांगा. आजचे मनी तिनंच मळले. कोन्या पान्याले किती कोंडा, ते तिचा हात सांगते." बायजाला सासरी नाव पडलं ते मणीवाली. नदीकाठचे धिवर अजून तिच्याकडून मणी नेतात.

परवा तेराव्याला ती आली होती. केस पिकलेत. आढ्याला टांगलेली डोमाची काळी दोरी तिने खाली काढली, मणी सोडला न् माझ्या हातावर ठेवला. "पाहा ना काका, लावून." घर माणसांनी भरलेलं, सगळे माझ्याकडे बघत होते, डोमाची एखादी जबर गोष्ट ऐकायला. मी मणी जिभेला लावला. चिकटला. तोंड उघडं ठेवून मी तसाच बसून राहिलो... आणि तो ओढून काढायला माझा हात काही उठेना.