लग्न लावणाऱ्यांच्या यादीत

आखातातल्या अल ऐनमध्ये आमच्या मराठी मंडळाची एक यादी होती, लग्न लावू शकणाऱ्यांची. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तिच्यात एकच नाव उरलं होतं: दिवसभर एका कंपनीचे अकाउंट्स बघणाऱ्या आणि सुटीला पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींचं. तेही आता निवृत्त होऊन नाशिकला चालले होते. लग्नाची सरकारी नोंद करायची तर आधी यादीतल्या माणसाच्या सहीचं पत्र लागे. मी दोन उन्हाळी सुट्ट्यांत पुण्याला माहेरी राहून पौरोहित्याचा वर्ग केला होता. अर्ज दिला, तर कमिटीतले एक जण म्हणाले, "वहिनी, हळदीकुंकवाचं तुम्ही बघताच की. हे कशाला मागे लावून घेता?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आता नाव चढवायचंच, असं मी मनाशी ठरवलं.

गुरुजींनी तोड काढली. एक लग्न मी त्यांच्यासमोर लावायचं, मग ते शिफारस लिहितील. "मुहूर्त काढण्यापासून सगळं तुमचं," ते म्हणाले. "मी पंचांग उघडणारसुद्धा नाही."

नवरदेव बांधकामावर फोरमन, रत्नागिरीकडचा. नवरी इथल्याच हॉस्पिटलात नर्स. दोघांना एकदम रजा मिळेना, म्हणून लग्न इथेच, एका ओळखीच्यांच्या व्हिलात, शुक्रवारी. नवऱ्याच्या आईकडे पासपोर्ट नव्हता. तिने गावातल्या दुकानात फोनपाशी बसायचं, मंगलाष्टकं ऐकायची आणि तिथूनच अक्षता टाकायच्या, असं ठरलं. मी पंचांगातून अकरा चाळीसचा मुहूर्त काढला आणि स्वतःच्या हाताने तीच वेळ तिला पत्रात लिहून कळवली.

पुढचे आठ दिवस मी भाजी चिरतानाही मंगलाष्टकं म्हणत होते. मुलगी वैतागून म्हणाली, "आई, आर यू अ प्रीस्ट नाऊ?"

"अजून नाही," मी म्हटलं.

शुक्रवारी फोनची लाइन काही लागेना. साडेअकरा झाले. "यल्ला, चला वहिनी, मुहूर्त टळेल," कुणीतरी म्हणालं, म्हणून मी सुरुवात केली. आवाज कापला नाही. बरोबर अकरा चाळीसला अंतरपाट बाजूला केला, अक्षता पडल्या. गुरुजींनी मान डोलावली. मी मनातल्या मनात त्या कमिटीवाल्यांना वाकुल्या दाखवल्या.

तेवढ्यात लाइन लागली. नवऱ्याने स्पीकर लावला.

"आई, झालं गं लग्न!"

"झालं ना? मी अक्षता कधीच टाकल्या. फोन आला नाही, तर म्हटलं वेळ चुकायला नको. समुद्राकडे तोंड केलं नि टाकल्या."

"कधीच कशाला? मुहूर्त तर आत्ता झाला. तू पण ना आई! घड्याळ तरी नीट बघायचं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पंचांगातल्या वेळा भारतातल्या. इथलं घड्याळ दीड तास मागे. माहेरी फोन करताना हा हिशोब मी कधी चुकत नसे, आणि मुहूर्त काढताना मात्र सपशेल विसरले होते. मी इथे कलशावर नारळ मांडत होते, तेव्हाच खरा मुहूर्त होऊन गेला होता. खोलीत कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. गुरुजींनी तर शिफारस लिहायला घेतली होती. मी गप्प बसले असते, तर नाव चढलंच होतं.

"माझंच चुकलं असेल बाबा," फोनमधून आवाज आला. "म्हातारं माणूस मी."

ती ओशाळली होती, आणि तेही माझ्यामुळे. मला ते सहन होईना. मी पुढे झाले.

"आई, मी लग्न लावणारी बोलतेय. चूक तुमची नाही, माझी आहे. तुम्ही टाकल्यात तोच खरा मुहूर्त होता. आम्ही इथे दीड तास उशीर केला."

गुरुजींनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे माझ्या अक्षता पहिल्या पडल्या?" ती म्हणाली, आणि खळखळून हसली. नवरीने फोन मागून घेतला आणि दोघी बोलत बसल्या.

मी अंतरपाटाची घडी घातली आणि गुरुजींपाशी गेले. रडू येत होतं, ते कसंबसं आवरलं होतं.

"शिफारस राहू द्या," मी म्हटलं. "मला समजतंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते हळूच म्हणाले, "ताई, मी इथे लावलेलं पहिलं लग्न असंच दीड तास चुकलं होतं. वीस वर्षं झाली. अजून कुणाला सांगितलेलं नाही."

आणि त्यांनी सही केली.