अक्काची तहानलेली रोपं

"बाटली बाहेर."

अक्काच्या काचघराच्या दारात पाऊल टाकलं की हे दोन शब्द ऐकू यायचे. पाणी घेऊन कुणालाही आत जाता येत नसे. एकदा आमच्या संस्थेचे संचालक पाहुण्यांना घेऊन आले, तर त्यांच्या हातातली बाटलीही तिने काढून घेतली आणि दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवली. म्हणाली, "सर, तुम्ही प्यायलात तर माझं काही नाही. पण तुम्हाला स्वल्प दया आली तर?" संचालक हसले. अक्का हसली नाही, कारण ती थट्टा करत नव्हती.

काचघरात चहाची रोपं कुंड्यांमध्ये ओळीने उभी असत. अर्ध्यांना रोज पाणी मिळे, अर्ध्यांना मुद्दाम दिलं जात नसे. आठवड्याभरात त्यांची कोवळी पानं माना टाकायची. बघणाऱ्याचा हात आपोआप पाण्याकडे जायचा. मी नवी होते तेव्हा माझाही गेला होता, आणि तिने तो मनगटाला धरून थांबवला होता.

नव्वदच्या दशकाचा मध्य असावा. मी लग्न होऊन नागपूरहून बंगळूरला आले होते आणि येलहंक्याच्या पलीकडच्या त्या संस्थेत मला प्रकल्प सहाय्यकाची नोकरी लागली होती. ऑफिसात हिंदी, बाजारात खाणाखुणा, असे दिवस चालले होते. पहिल्याच आठवड्यात मागून आवाज आला, "तू नागपूरची काय गं? आम्ही पण मराठीच. पण आमचे आजोबा-पणजोबा सगळे इथलेच." तिच्या मराठीला कन्नडचा हेल होता आणि दर दोन वाक्यांत एक 'सरी', म्हणजे 'बरं', असायचंच. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, जयनगरला आई, भाऊ आणि भावजय यांच्यासोबत राहणारी. भावाचं कापडाचं दुकान होतं. संस्थेत शिपायापासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत, मग मीही म्हणू लागले.

चहावर इतकी वर्षं काम करणारी ही बाई स्वतः चहाला शिवत नसे. कॉफी लागायची, तीही घरून थर्मासमध्ये आणलेली. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "रोज ज्याचा छळ करायचा त्यालाच उकळून प्यायचं? स्वल्प तरी लाज नको?"

तिचं काम काय होतं ते मला तिनेच समजावलं, आणि असं समजावलं की आजही मी कुणालाही सांगू शकते. "आपल्याकडे दिवसाआड नळाला पाणी. उद्या पाणी नाही असं कळलं की तू काय करतेस? आधी पिण्याचं भरून ठेवतेस. धुणं थांबवतेस. फरशी पुसत नाहीस. बरोबर? चहाचं झाडही तेच करतं. वाढणं थांबवतं, पानांची भोकं मिटून घेतं, आणि आतल्या पेशी वाळू नयेत म्हणून काही खास प्रथिनं बनवायला घेतं. एरवी झोपलेली जनुकं त्यासाठी जागी होतात. कुठली जागी होतात, ते मला शोधायचंय. ती सापडली की दुष्काळात टिकणारं रोप लहानपणीच ओळखता येईल."

जागं झालेलं जनुक पेशीत आपल्या नकला पाठवतं. त्या नकला पानातून शाबूत बाहेर काढायच्या, हे तिचं रोजचं काम. ते सोपं नव्हतं. चहाच्या पानात जे आपल्याला कपात हवं असतं, तेच तिला नको असे. पान कुटलं की सगळं तपकिरी व्हायचं आणि नकलांचा नाश व्हायचा. द्रवरूप नायट्रोजनच्या धुरात ती खल-बत्त्याने पानं कुटत बसायची आणि तोंडाने अखंड बोलायची. पानांशी, माझ्याशी, यंत्राशी. तिच्या बडबडीने आमची प्रयोगशाळा भरलेली असे. ती रजेवर असली की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागायचा.

तो आवाज आणखी एकदा ऐकू यायचा, रोज चारला. टेबलावरचा फोन वाजायचा आणि पलीकडे तिची आई असायची. "निघालीस का?" अक्का म्हणायची, "निघते, अम्मा." फोन ठेवल्यावर थोडा वेळ ती काहीच बोलायची नाही. मग पिशवी आवरायची. जयनगरला पोचायला दोन बस, मधे मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बदलायची. अम्मांचं आणि भावजयीचं बोलणं बंद होतं, भाऊ दुकानातून उशिरा यायचा. अक्का घरी पोचेपर्यंत अम्मा दारात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. "सकाळी काचघर, संध्याकाळी ती खुर्ची," असं ती एकदा म्हणाली होती. मला त्या घरात पाऊल न टाकताही तिथे गुदमरायला झालं.

म्हणूनच निलगिरीतल्या जागेचं कळलं तेव्हा मला तिच्याहून जास्त आनंद झाला. तिथल्या चहाच्या संशोधन केंद्रात कायमची नोकरी होती. त्यांनी सांगितलं होतं, वर्षाअखेर पीएच.डी.चा प्रबंध सादर करा, जागा तुमची. नंतर वयाची अट आडवी येणार होती. प्रबंधात फक्त एक गोष्ट राहिली होती. तोच प्रयोग तिसऱ्यांदा करून तेच उत्तर आणायचं. दोनदा आलं होतं. तिसऱ्यांदा आल्याशिवाय तिचे मार्गदर्शक सही करणार नव्हते.

"अम्मांचं काय?" मी विचारलं.

"चल म्हटलं तिला. म्हणते, थंडीत माझे गुडघे धरतात. घर सोडणार नाही म्हणते." मग म्हणाली, "मी जाणार गं. या वेळी जाणार."

तिसऱ्या खेपेची रोपं नवरात्रात सुकायला लागली. हवा ओलसर होती, त्यामुळे सगळं रेंगाळलं आणि पानं तोडायचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळवर गेला. त्याच्या आदल्या दिवशी दसरा, त्याच्याही आदल्या दिवशी आयुधपूजा.

बंगळूरला आयुधपूजा नुसती कारखान्यांत आणि रिक्षांना होत नाही. आमच्या प्रयोगशाळेतही तराजूला झेंडूची माळ, यंत्रांना हळदकुंकू, दारात फोडलेला कोहळा, आणि सगळ्यांना कागदाच्या पुड्यांत चुरमुरे. घरची माणसं त्या दिवशी बघायला येतात. इतक्या वर्षांत कधी न आलेल्या अम्मा त्या वर्षी आल्या. ठेंगण्या, नऊवारीत, हातात पूजेच्या पाण्याचा तांब्या आणि कुंकवाचा करंडा. अक्का नुसती फुलली होती. अम्मांना प्रत्येक यंत्रासमोर नेऊन नाव सांगत होती.

मग ती चुरमुरे वाटायला गेली. मी दारात पुड्या मोजून देत होते, तेव्हा अम्मा काचघरातून बाहेर येताना दिसल्या. तांब्या रिकामा होता.

मी आत धावले. सुकत ठेवलेल्या ओळीतल्या प्रत्येक कुंडीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. त्यांतली माती काळी ओली झाली होती. पाणी दिलेल्या ओळीकडे त्या वळल्याही नव्हत्या.

अक्का माझ्या मागोमाग आली. तिने वाकून एका कुंडीतल्या मातीला हात लावला. मी बडबडले, "अम्मांना माहीत नसणार गं. पूजा म्हणून घातलं असेल." ती म्हणाली, "सरी." बाहेर जाऊन आईच्या हातातला तांब्या घेतला, पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "चल अम्मा, बस चुकेल."

दसऱ्यानंतर आम्ही आलो तेव्हा रोपं ताठ उभी होती. तरी तिने पानं तोडली, कुटली, सगळं अगदी नेहमीसारखं केलं. काही दिवसांनी त्या नकलांची छाप घेतलेली फिल्म धुतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मागच्या दोन खेपांत जिथे ठळक काळ्या रेघा होत्या, तिथे या वेळी काहीच नव्हतं. "बघ," ती म्हणाली, "पाणी मिळालं आणि सगळी परत झोपली."

मी म्हटलं, हीच रोपं पुन्हा सुकवू. तिने मान हलवली. एकदा तहान सोसलेलं रोप दुसऱ्यांदा तसं वागत नाही, त्याला आधीचं आठवतं, ते उत्तर धरता येत नाही. नवी कलमं डोंगरावरून येऊन रुजायला वर्ष लागलं असतं. तेवढं वर्ष तिच्याकडे नव्हतं.

त्या दुपारी कॅन्टीनच्या मागे कॉफी ओतताना ती बोलली. "तिला माहीत होतं."

"अम्मांना?" मी विचारलं.

"पूजेच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, तू तिथे करतेस तरी काय? घरात पहिल्यांदा कुणी विचारलं गं. मी सगळं सांगितलं. नळाचं, घागरींचं, जनुकांचं. तिने मधेच विचारलं, आणि कुणी पाणी घातलं तर? मी म्हटलं, मग संपलंच अम्मा, माझं निलगिरीला जाणं संपलंच. एवढं मी हसत हसत सांगितलं तिला." तिने कप खाली ठेवला. "किती छान ऐकत होती."

मला अम्मांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. अक्काच्या डोळ्यांत नव्हतं. चारला प्रयोगशाळेत फोन वाजला, आणि तो उचलून ती म्हणाली, "निघते, अम्मा."

मार्चमध्ये प्रकल्प संपला. निलगिरीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. शेवटच्या दिवशी अक्काने रोपं वाटून टाकली आणि एक स्वतःला ठेवलं. ती कुंडी मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. मी खिडकीखाली उभी राहून काहीबाही बोलत होते. ती नुसती मान डोलवत होती.

दोन वर्षांनी आमची नागपूरला बदली ठरली, तेव्हा निरोप घ्यायला मी जयनगरला गेले. अक्का एका शाळेत जीवशास्त्र शिकवते असं कळलं होतं. दार अम्मांनी उघडलं. "ये गं पोरी. ती शाळेतून यायची आहे. बस."

अंगणात चहाचं झाड होतं. कुणी खुडत नसल्यामुळे माझ्या खांद्यापर्यंत वाढलेलं, अगदी हिरवंगार. बुंध्याशी माती ओली होती. "मीच घालते पाणी," अम्मा म्हणाल्या, "दोन्ही वेळ." मनात राग घेऊनच गेले होते मी.

त्यांनी मला कॉफी दिली आणि समोर बसल्या. पदराचं टोक चुरगळू लागल्या. मग म्हणाल्या, "तिकडे ऑफिसात ती बोलायची काय गं?"

"खूप," मी म्हटलं. "दिवसभर बोलायची."

"इथे नाही बोलत. जेवायला वाढते, औषध देते, सगळं करते. बोलत नाही. एकदाच बोलली, त्या पूजेच्या आदल्या संध्याकाळी. किती बोलली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय बोलायची गं ती? मला सांग की."

राग धरून बसायला मला जमलं नाही. मी सांगायला लागले. झोपलेली जनुकं, तपकिरी होणारी पानं, संचालकांची काढून घेतलेली बाटली. अम्मा पुढे वाकून ऐकत होत्या. मधे हसल्या, मधे "मग?" म्हणाल्या. मी खल-बत्त्यापर्यंत आले होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

अम्मांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पुरे," त्या हळूच म्हणाल्या. "आली ती."