सुमनताईंच्या चाकातली माळ

सायकलवरून कामाला जाणारं माणूस तुम्हाला दिसतं, की नुसतं आडवं येतं?

आमच्या गल्लीतल्या सुमनताई पहाटेच्या पाळीला सायकलने कारखान्यात जातात. हिवाळ्यात एका मोटारीने त्यांना वळणावर बाजूने धडक दिली. हात मोडला. चालक म्हणाला, "दिसल्याच नाहीत."

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी गणपतीच्या मखराच्या बॅटरीवरच्या दिव्यांच्या माळा चाकांच्या तारांत ओवल्या. पहिली लगेच तुटली, कारण बॅटरीची डबी सायकलच्या दांड्याला बांधली होती आणि चाक फिरताच वायर ताणली गेली. मग त्यांनी डबीही चाकातच, मधोमध बांधली.

आज पहाटे कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, वरात कुणाची?"

"माझीच. वाट सोड."

अंधारातून उजेडाची दोन वर्तुळं गेली. मला आनंद झाला आणि रागही आला. जीव वाचवायला बाईने स्वतःला मखरासारखं सजवायचं, आणि मोटारीतल्याने साधी मान वळवायची नाही? रस्ता ज्याच्याकडे इंजिन आहे त्याच्या एकट्याचा नाही. ताई कडेने चालवणार नाहीत, आणि मी त्यांना तसं सांगणारही नाही.

सांगायचं ते तुम्हाला. उद्या वळणावर ब्रेक दाबा, दोन्ही बाजूंना बघा आणि सायकलला आधी जाऊ द्या.